पाचवी सही

आमचा दादा शिंपी. शाळेच्या रस्त्यावर त्याचं दुकान, आणि मी त्याच शाळेत कारकून. बाही उसवलेली पोरगी रस्त्यात दिसली की हा मशीन थांबवून तिला आत बोलावतो, टाके घालतो. पैशाचं नाव काढायचं नाही. लोक त्याला देवमाणूस म्हणतात. मला विचाराल तर बावळट आहे, पण तसं म्हणायचा हक्क फक्त माझा.

शेजारचं दुकान आमच्या धाकट्याचं. बादल्या, दोऱ्या, प्लास्टिकच्या खुर्च्या. निम्मा माल आत, निम्मा पायरीवर. वडील गेले तेव्हा धाकटा सातवीत होता. दादाने त्याला शिकवलं, दुकान थाटून दिलं, लग्न लावून दिलं. कागद कसलाही असो, धाकट्याने पुढे केला की दादा न वाचता सही करायचा. "मी वाढवलाय त्याला, त्याचं काय वाचायचं?"

गेल्या वर्षी शाळा सुटल्यावर एका टेम्पोच्या आरशाने धाकट्याच्या बबडीचं कोपर मोडलं. रस्त्याला फुटपाथच नाही, पोरं चालणार कुठून? मी अर्ज लिहिला, नगरपालिकेत खेटे घालून चपला झिजवल्या. शेवटी एकदाचे पैसे मंजूर झाले. अट एवढीच की नऊही दुकानदारांनी आपापली पायरी तीन फूट मागे घ्यायची. निम्म्याहून जास्त जणांनी हरकत घेतली तर पैसे दुसऱ्या रस्त्याला जाणार.

सगळ्यांनी माना डोलावल्या, तोडायला मात्र कोणी हात लावेना. "कोणीतरी सुरुवात करा की," मीच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दादाने घण आणला आणि स्वतःची पायरी फोडली. तेव्हापासून गिऱ्हाईक त्याच्या दुकानात स्टुलावर पाय देऊन चढतं.

हरकती ऐकायला नगरपालिकेने सभा ठेवली. तिच्या आठवडाभर आधी धाकटा कागद घेऊन आला. "दादा, फुटपाथचं आहे. इथे सही कर." दादाने तोंडातल्या टाचण्यासुद्धा काढल्या नाहीत, सही ठोकली. मी तिथेच चहा पीत बसले होते. दुनियेचे फॉर्म तपासणारी मी, पण मलाही तो कागद बघावासा वाटला नाही.

सभेत नगरपालिकेच्या साहेबांनी हरकतीचा अर्ज वाचायला घेतला. तीन नावं मला अपेक्षित होती. चौथं धाकट्याचं निघालं. पाचवं नाव दादाचं होतं.

"अहो, यांनी तर पायरी फोडलीय!" मागून कोणीतरी हसलं.

साहेब भला माणूस. म्हणाले, "सही तुमचीच ना? फसवून घेतली असेल तर आत्ताच सांगा, मी ती धरत नाही."

धाकटा खाली बघत होता. मी दादाला कोपराने ढोसलं. बोल ना रे!

"माझीच आहे," दादा म्हणाला.

झालं. गेले पैसे.

घरी येताना मी रस्त्यातच तोंड सोडलं. "तो तुझा केसाने गळा कापतो आणि तू मान पुढे करतोस?"

"चारचौघांत त्याला लबाड ठरवलं असतं, तर बबडीने शाळेत तोंड कसं दाखवलं असतं?"

"आणि शाळेत जाणार कुठून ती?"

मी दोघांवरही चिडले होते, अजूनही चिडलेलीच आहे. धाकट्याला जाब विचारला तर म्हणतो, "माल कुठे ठेवू मी? डोक्यावर?" स्वतःच्या पोरीचं कोपर मोडलं तिथेच अजून त्याच्या बादल्या मांडलेल्या आहेत.

परवा तो बबडीचा फॉर्म घेऊन दादाकडे आला. नव्या वर्गासाठी वडिलांखेरीज आणखी एका नातेवाइकाची सही लागते. फॉर्म मीच छापून घेतलेला, एका पानाचा.

"दादा, इथे," म्हणत त्याने नेहमीसारखं बोट ठेवलं.

दादाने मशीन थांबवलं. तोंडातल्या टाचण्या एकेक करून डबीत ठेवल्या. चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. बबडीचं नाव, जन्मतारीख, पत्ता.

"अरे, शाळेचाच फॉर्म आहे," धाकटा म्हणाला.

"हो," दादा म्हणाला, आणि वाचत राहिला. शेवटची ओळ झाल्यावर त्याने पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. तीही त्याने नीट पाहिली, मग सही केली.