गुळाची खळ आणि दाजींचा ताणा

आमच्या घराण्यात विद्यापीठातलं संशोधन थेट उद्योगात उतरवणारा मी पहिलाच. माझ्यानंतर कुणाला उतरवू दिलं गेलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात रसायनशास्त्रात संशोधन करत होतो (म्हणजे अक्काच्या घरी जेवत होतो आणि उरलेल्या वेळात परीक्षानळ्या फोडत होतो). आमचे सर टेबल बडवून सांगायचे, "विद्यापीठ आणि उद्योग यांची सोयरीक जुळल्याशिवाय हा जिल्हा वर येणार नाही!" सोयरीक म्हटल्यावर मला दुसरं कोण आठवणार? अक्काचे यजमान, आमचे दाजी! घरात चादरींचे दोन हातमाग. उन्हाळा लागला की कोरड्या हवेत सूत असं तटातटा तुटायचं, की दाजी विणायचे कमी आणि गाठी जास्त मारायचे.

मी शोध लावला. सुताला लावायच्या खळीत ज्वारीचं पीठ आणि भरपूर गूळ! गूळ ओलावा धरतो, सूत मऊ राहतं. प्रयोगशाळेत वीतभर धागा महिनाभर ताणून ठेवला, तुटला नाही!

दाजींनी पातेल्यात बोट बुडवून चाटलं. "पावणं, ही खळ हाय का पोळीचं पुरण?"

"विज्ञान आहे, दाजी!"

"लई ग्वाड हाय की वो तुमचं विज्ञान! पर उद्या लातूरचे शेटजी येणार हायेत. त्यांनी चादरींची मागणी दिली तर माग ऱ्हात्यात, न्हायतर इकून गिरणीत बदली कामगार म्हनून जायाचं. खरं सांगा, चालंल न्हवं?"

"विद्यापीठाची हमी, दाजी!" (विद्यापीठाला याची कल्पना नव्हती.)

सकाळी दाजींनी सुताचा ताणा, म्हणजे मागावर चढवायचे लांबच लांब उभे धागे, गल्लीत पसरला. घरात एवढी लांबी कुठली? आमच्याकडं ताण्याला खळ गल्लीतच लावायची रीत. शेटजी खुर्चीत, सर कोट घालून वहीसकट हजर. मी बाह्या सरसावून कुंचा फिरवत सुटलो.

"बश्या, मुंगळे आले रे!" अक्का माझ्यावर ओरडली.

"उत्तम! नोंद करा!" सर म्हणाले.

मुंगळ्यांची नोंद होते न होते तोच शेजारच्या करीमचाचांच्या शेळ्या वळणावर आल्या. माझ्या प्रयोगशाळेत शेळ्या नव्हत्या, एवढीच काय ती त्रुटी! पहिलीनं हुंगलं. दुसरीनं चाटलं. तिसरी खऱ्या संशोधक वृत्तीची, तिनं चावलं! आणि मग सगळा कळप पंगतीला बसावा तसा ताण्याच्या दोन्ही बाजूंनी ओळीनं लागला!

"हाड्! हाड्!" दाजी धावले. शेळ्या उधळल्या, पण तोंडातलं सोडून कशाला जातील? निम्मा ताणा गल्लीच्या टोकाला, निम्मा दाजींच्या गळ्यात! सरांच्या बाहीला खळ लागली होती. ती एका बोकडाला इतकी आवडली की सर "हा नियंत्रित प्रयोग नाही!" असं ओरडत त्याच्यामागं पार मारुतीच्या देवळापर्यंत गेले. बरोबर गेलेला कोट परतताना एकाच बाहीचा होता.

करीमचाचा मलाच दरडावायला लागले. "क्या खिलाए जी मेरी बकरियांकू? घरकू आना नक्को बोलरई!"

दाजी उरलेलं सूत कवटाळून मटकन खाली बसले. "गेले माग," एवढंच म्हणाले. मला कुंच्यासकट जमिनीत शिरावंसं वाटलं.

आणि शेटजी? ते खुर्चीतून घसरले होते. हसून हसून! डोळे पुसत त्यांनी मागावरची आधीची चादर हातात घेतली, उलटी केली, ओढून पाहिली.

"ही कुठल्या खळीची?"

"आमची नेहमीची वो. गव्हाच्या पिठाची," दाजी पुटपुटले.

"ह्यांचा हात?" माझ्याकडं बोट.

"देवाशपथ न्हाय!"

"मग शंभर द्या. पण पावतीवर तसं लिहून पायजे."

दाजींनी लिहून दिलं: 'सदर मालास आमच्या मेव्हण्याचा हात लागलेला नाही.' शेटजींनी ती पावती बाजारात दाखवली आणि महिन्याभरात दुसरे व्यापारीही तशाच पावतीसाठी दारात! शेजारच्या विणकरांना तर मेव्हणेच नव्हते. तेही माझंच नाव लिहायला लागले. दाजींचे दोनाचे चार माग झाले, सगळी गल्ली वर आली, आणि जिल्ह्याच्या भरभराटीला माझ्याएवढा हातभार आजवर कुणी लावला नसेल. हात न लावता!