आमची सावड आणि भूगोलाच्या मॅडम

सावड म्हणजे काय, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. आज शेजारचे चारजण माझ्या रानात कांदा लावायला येतात, उद्या मी त्यांच्या रानात जाते. मजुरी नाही, उपकारही नाही. ज्याचं रान, त्यानं त्या दिवशी जेवण घालायचं, एवढंच. हीच सावड आम्ही तीन प्राध्यापकांनी बढतीच्या फायलींसाठी केली, आणि त्याचा मला जो अभिमान आहे तो मी अजिबात लपवत नाही.

मी राहू गावची. अर्थशास्त्र शिकवते आणि तोंडानं फटकळ आहे, हे कॉलेजच्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे मान्य करतात. भूगोलाच्या मॅडम माझ्याच कॉलेजात, पण राहायला नदीपलीकडं मांडवगण फराट्याला. तिसरे गणिताचे सर, शिरूरच्या कॉलेजातले. तिघंही वर्षानुवर्षं सहाय्यक प्राध्यापक. पुढच्या पायरीसाठी फाइल करायची, तिच्यात आपण काय काय केलं ते पुराव्यानिशी लावायचं, मग पुण्याला समितीपुढं मुलाखत द्यायची. शहरातल्या कॉलेजांत हे शिकवायला बुजुर्ग मंडळी असतात. आमच्याकडं जो तो आपापल्या टेबलाशी चाचपडत बसलेला. म्हणून रविवारी एकाच्या घरी जमायचं ठरलं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकून सर हटकून उशिरा यायचे आणि आल्या आल्या ट्रॉलीवाल्यांचा उद्धार करायचे.

पहिली पाळी मॅडमची, कारण त्यांची फाइल एकदा परत आली होती. ‘स्वतंत्र संशोधन दिसत नाही,’ असं समितीनं सांगितलं होतं. मॅडम जेवताना शांतपणे म्हणाल्या, “या वेळी पण न्हाई झालं, तर मी पुन्हा फाइल करायची न्हाई. सहाय्यक म्हणूनच रिटायर होईन.” त्या कधी उगाच बोलत नाहीत, त्यामुळं मला ते लागलं.

संशोधन दिसत नाही म्हणे! ही बाई दर उन्हाळ्यात आणि दर दिवाळीनंतर मुलांना घेऊन गावोगाव विहिरींच्या पाण्याची खोली मोजत हिंडायची. कुठल्या शिवारातलं पाणी किती खाली गेलं, हे तिला कागदाशिवाय सांगता यायचं. त्यावर तिनं पेपर लिहिले, ते छापूनही आले. मग अडलं कुठं?

ते गणिताच्या सरांनी शोधलं. पेपर चाळता चाळता त्यांनी विचारलं, “मॅडम, प्रत्येक पेपरवर पहिलं नाव तुमच्या विभागप्रमुखांचं कसं? त्यांनी काय केलं यात?”

“सर मोठे ना,” मॅडम म्हणाल्या. “त्यांच्या आधी माझं नाव कसं घालणार?”

मग माझा भडका उडाला. “अहो मॅडम, हा पेपर हाय, लग्नपत्रिका न्हाई! पत्रिकेत नवरदेवाच्या आधी चुलत आजोबा छापतात. इथं पहिल्या नावाला गुण असतात!”

मॅडमचा चेहरा पडला. त्या विभागप्रमुखांनीच त्यांना कॉलेजात आणलं होतं, पहिल्या वर्षी वर्गात मागं बसून शिकवायला शिकवलं होतं. त्यांनी कधी नाव मागितलं नव्हतं, आणि छापलेलं पाहून कधी नको असंही म्हटलं नव्हतं. आता ते रिटायर होऊन केडगावला राहत होते. मला त्यांचा राग आला, मॅडमना नाही. त्यांना राग कसा येत नाही, हेच मला त्या दिवशी फार विचित्र वाटलं.

उपाय एकच होता. नवा पेपर, फक्त मॅडमचा. आकडे त्यांच्याकडं होतेच. सरांनी आकडेमोड तपासली, मी भाषा तासली, मॅडमनी चारदा लिहून चारदा फाडलं. शेवटी पेपर तयार होऊन माझ्या हातात आला, आणि वर नावं होती तीन. आधी सरांचं, मग माझं, तळाला मॅडमचं! आम्ही दोघं वयानं मोठे म्हणून.

मी डोक्याला हात लावला. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मॅडम मात्र गंभीर. “सावडीत तुम्ही राबलात की,” त्या म्हणाल्या.

“सावडीत राबलं म्हणून कुणी शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर नाव लावतं का?” मी विचारलं. तेव्हा कुठं ती नावं गेली.

पेपर छापून आला. मग मुलाखतीची तयारी. आम्ही दोघं कितीही तोंड वाकडं करून प्रश्न विचारले, तरी मॅडमना भीती वाटेना आणि उत्तरही धड येईना. “आमच्या विभागानं केलं”, “सर्वांच्या सहकार्यानं झालं”, हीच गाडी. शेवटी मॅडमचे सासरे मदतीला आले. आबांनी पूर्वी गावच्या शेतकी सोसायटीचं चेअरमनपद केलेलं, बैठकीत भल्याभल्यांना घाम फोडलेला. भूगोलाशी त्यांचा संबंध नव्हता, पण अध्यक्षाच्या खुर्चीत कसं बसायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी टोपी सारखी केली आणि सुनेकडं असं पाहिलं की मीच पदर सावरला.

“ह्या हिरी कुनी मोजल्या?”

“विभागानं, आबा.”

“विभाग म्हंजी कोन? त्याला हातपाय हायती का? उन्हात कोन गेलं? तवा घरी पोरं कुनी सांभाळली, ते मला ठावं हाय. सासूनं तुझ्या. आन् तू इथं विभाग विभाग करती व्हय?”

आबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मॅडमनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “मी मोजल्या.” आवाज इतका बारीक की आबा म्हणाले, “ऐकू न्हाई आलं.” मग त्या मोठ्यानं म्हणाल्या. आबांनी समाधानानं तंबाखूची डबी उघडली. मी आणि सरांनी एकमेकांकडं पाहिलं. मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटत होत्या.

मुलाखतीच्या दिवशी मी रजा टाकून बरोबर गेले. बाहेरच्या बाकावर मी बसले होते, आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मॅडम बाहेर आल्या, ते थेट माझ्या पिशवीतली दशमी काढून खायला लागल्या. खाता खाता सांगितलं. आतल्या तज्ज्ञांनी नेमकं तेच विचारलं होतं: जुन्या पेपरांवर तुमचं नाव दुसरं, मग काम कोणाचं समजायचं?

“मग?”

“म्हटलं, आमच्याकडं वडीलधाऱ्यांचं नाव आधी लिहितात, तसं मी लिहिलं. ती समजूत माझी चुकली. काम माझंय, कुठल्याही विहिरीचं विचारा. मग त्यांनी विचारलंच. तासभर विचारत होते.”

मॅडमची निवड झाली. आदेश आला त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या वर्गातला तास थांबला. थांबू दे! आमच्या मॅडम सहयोगी प्राध्यापक झाल्या होत्या.

त्या रविवारी मांडवगणला पेढे खायला जमलो, तर अंगणात पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ आले. रिटायर झालेले विभागप्रमुख. केडगावहून दोन गाड्या बदलून आलेले. मी लगेच सावरून बसले, जिभेला धार लावून. पण त्यांनी कुणाला बोलूच दिलं नाही. खुर्चीत टेकता टेकता आबांना म्हणाले, “आबा, ते पेपर तुमच्या सुनेचे व्हते. माझं नाव वर पाहून मला बरं वाटायचं, म्हणून मी गप राहिलो. त्यापायी तिची फाइल परत आली, चार वर्षं गेली.”

माझी धार कुठं गेली ते मलाच कळलं नाही.

तेवढ्यात मॅडम चहाचा ट्रे घेऊन आतून आल्या. विभागप्रमुखांना पाहून थबकल्या, वाकून नमस्कार करायला ट्रे कुठं ठेवावा ते शोधू लागल्या. आजवर ते त्यांना ‘अगं पोरी’ म्हणायचे. ते गुडघ्यावर हात रेटून उठले, आपली खुर्ची त्यांच्याकडं सरकवली आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही बसा.”

मॅडमनी आबांकडं पाहिलं. सासऱ्यासमोर खुर्चीत बसायची त्या घरात रीत नव्हती. आबांनी मान हलवली, “बस की.” मॅडम बसल्या, पाठ ताठ ठेवून, डोळे भरलेले. मी त्यांच्या हातातला ट्रे घेतला आणि चहा वाटला.