कमरेइतकी भट्टी

कैरवानजवळच्या आमच्या गावात मबरूका खालाने चाळीस वर्षं परसातल्या जमिनीलगतच्या भट्टीत वाकून रोट्या भाजल्या. शेवटी तिची कंबर धरली. तिने कोळशाने भिंतीवर कमरेइतकी रेघ ओढली आणि गवंडी लाझरला म्हणाली, "भट्टीचं तोंड एवढं वर घे. शेजारी परातीला ओटा कर. आणि वारा बघून बांध, धूर घरात नको."

लाझर हसला. "खाला, भट्टीला सिंहासनावर बसवायचंय का?"

"आधी दहा रोट्या भाजून दाखव."

सातव्या रोटीला तो कंबर धरून उठला आणि विटा आणायला गेला.

आठवड्याने खालाने ताठ उभं राहून पहिली रोटी काढली आणि लाझरच्या हातात ठेवली. कुंपणापलीकडून शेजारणी ओरडल्या, "लाझर, खाऊन झालं की आमच्याकडे ये!"