मावशींनी उघडलेला वॉर्ड

पत्र्याच्या छपराखाली बारा खाटा, एक डॉक्टर आणि एक नर्स, एवढंच जेव्हा इस्पितळ होतं, तेव्हापासून मावशी तिथे आया होत्या. विहिरीचं पाणी त्यांनीच ओढलं, सुया-कात्र्या त्यांनीच उकळल्या. पुढे पक्की इमारत झाली, एक्स-रे आला, बघता बघता चार मजले अन् दोनशे खाटा झाल्या. निम्मं गाव माझ्या हातावर जन्मलंय, असं मावशी हसत सांगायच्या.

मग डॉक्टर टिकेनासे झाले. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई बदलून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि वॉर्डाला कुलूप लागलं.

त्याच वर्षी मावशींच्या एकुलत्या एक लेकीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. मूल पायाळू होतं. तपासणाऱ्या नव्या डॉक्टरनं हात वर केले, मोठ्या शहरात न्या म्हणाला. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली, यायला दोन तास. मोठे साहेब मीटिंगमध्ये, आणि त्यांच्या परवानगीशिवाय मेट्रन बंद वॉर्डाची किल्ली देईना. मावशींनी तिचे पाय धरले. ती रडली, पण किल्ली दिली नाही.

मावशी मागच्या गल्लीत धावल्या. बारा खाटांच्या वेळचे जुने डॉक्टर तिथे राहत. ते काठी टेकत आले. मावशींनी सलाईनच्या लोखंडी स्टँडनं कुलूप तोडलं.

लेकीला तपासायला डॉक्टरांनी हात पुढे केले, तर ते लटलट कापत होते.

"हात तुझे, सांगणं माझं," ते म्हणाले.

"साहेब, माझी लेक आहे ती."

"म्हणूनच. दुसरं आहे कोण इथे?"

ते सांगत गेले, मावशी करत गेल्या. मुलगी झाली, रडली. पण लेकीचं रक्त थांबेना, आणि चार मजल्यांच्या त्या इमारतीत रक्ताची एक बाटली नव्हती. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मावशी तिचं पोट दाबून उभ्या राहिल्या. गाडीत लेक म्हणाली, "आई, थंडी वाजतेय." अर्ध्या वाटेत ती गेली.

आठवड्यानं कुलूप तोडल्याबद्दल नोटीस आली. माझं नाव घाल, असं जुन्या डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. मावशींनी कुणाचंच ऐकलं नाही. उत्तरात लिहिलं, "कुलूप मी तोडलं. उशिरा तोडलं."

ते उत्तर फायलीला लागलं. दीड वर्षानं नवीन डॉक्टरीणबाई आल्या, वॉर्ड सुरू झाला. मावशींनी मात्र डोळ्यांच्या वॉर्डात बदली मागून घेतली. पुढचा जिना बाळंतपणाच्या वॉर्डासमोरून जातो. नात शेजारणीकडे ठेवून त्या रोज सकाळी कामावर जातात, मागच्या जिन्यानं.