आऊटमामांचं वाकडं चाक

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस दिसत नाही, दिसतात ती चाकं. छताच्या आकड्यांना टांगलेली, भिंतीला टेकलेली, एकमेकांच्या गळ्यात गळा घालून कोपऱ्यात पडलेली. डावीकडे पाण्याचं घमेलं, ट्यूब बुडवून बुडबुडे बघायला. मधोमध लोखंडी घोडीवर चढवलेलं एक चाक भिर्र फिरतंय. ते थांबतं आणि त्याच्या मागून, एक डोळा मिटलेला, एक चेहरा हळूच वर येतो. ही आमच्या नायकाची एंट्री. मी चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली. राण्या झाले, खाष्ट सासवा झाले, एकदा नायिका आजारी पडली म्हणून एकाच अंकात आई आणि मुलगी दोन्ही झाले. पण अशी एंट्री मला कधी जमली नाही.

हे सायकल दुरुस्तीचं दुकान माझ्या खिडकीच्या बरोबर समोर आहे, म्हणजे मला कायमची पहिल्या रांगेची जागा. दुकानदाराला सगळी गल्ली आऊटमामा म्हणते. चाक फिरताना डावीउजवीकडे डुलायला लागलं की सायकलवाले म्हणतात, चाकाला आऊट आहे. तो काढायचा तर चाकातल्या तारा छोट्या चावीने कुठे ताणायच्या, कुठे सैल करायच्या. मामा हे काम निम्मं डोळ्यांनी आणि निम्मं कानांनी करतात. एकेक तार बोटाने छेडायची. ढिली असेल ती जाड बोलते, ताणलेली बारीक बोलते. सगळ्या सारख्या बोलल्या की चाक सरळ.

"घरात आई आणि बायको, दोघींना कधी एका सुरात बोलायला लावता आलं नाही मला," मामा म्हणतात. "इथे छत्तीस जणी मुकाट ऐकतात."

वाकडं काही त्यांना बघवतच नाही. माझ्याकडे चहाला आले तरी आधी भिंतीवरचे माझे जुने फोटो सरळ करतात. "ताई, ही राणी आऊट आहे." मी म्हणते, "अहो, ती पहिल्यापासूनच तशी होती, म्हणून तर नाटक चाललं." पण फोटो सरळ झाल्याशिवाय ते कपाला हात लावत नाहीत.

मामांची मुलगी दवाखान्यात नर्स. तिची पाळी संपेपर्यंत तिची नऊ वर्षांची लेक शाळेतून थेट दुकानात येते. एरवी दुकानात शिरल्यापासून तिची टकळी चालू असते. एक दिवस ती आली आणि घमेल्यापाशी गप्प बसली. मामांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "गाण्याच्या बाई म्हणाल्या, तू मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव. तुझा सूर लागत नाही."

मामांनी फिरतं चाक हाताने धरलं. "मग? हलवलेस?"

"हलवले."

त्या संध्याकाळी मामा एकच चाक तीनदा तपासत बसले होते.

चार दिवसांनी मी खिडकीतून पाहिलं, तर पोरगी घोडीवरच्या एका भंगारातल्या चाकाच्या तारा छेडत होती.

"आबा, ही वेगळी का बोलते?"

"ढिली आहे म्हणून. सरक, घट्ट करतो."

"नको ना. राहू दे तशी. आणि ही अजून थोडी ताणा. अजून. थांबा! हां, आता ऐका." तिने पाच तारा एकापाठोपाठ छेडल्या. पाच पायऱ्या चढाव्यात तसे पाच सूर. मी चहाचा कप खिडकीतच ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

इथून मामांच्या हालांना सुरुवात झाली. पाच तारा पाच तऱ्हेने ताणल्या की चाक सरळ कसं राहणार? ते बदकासारखं डुलायला लागलं. नातीने त्या भंगारातल्या चाकावर हक्क सांगितला आणि ते दुकानात मानाने मध्यभागी बसलं. मामा त्याच्याकडे पाठ करून काम करत. "बघवत नाही, ताई."

मग गल्लीतली चार पोरं जमली. मामांनी पत्र्याच्या डब्यावर जुनी ट्यूब कापून ताणून दिली, त्याचा झाला ढोल. बेअरिंगमधले गुळगुळीत छर्रे डबीत भरले, त्याचा खुळखुळा. एकाला नुसता हवा भरायचा पंप मिळाला. "फुस्स" करणं एवढंच त्याचं काम, पण ते तो असं काही जीव ओतून करी की मला आमच्या कंपनीतले तबलजी आठवत. एकीने सायकलच्या दहा घंट्या फळीवर ठोकल्या. मामा प्रत्येक वाद्य हातात घेऊन तपासत. "खिळा तिरपा गेलाय, काढ." "अहो आजोबा, वाजतंय ना!" "वाजतंय, पण तिरपं वाजतंय."

वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांना पाच मिनिटं मिळाली. त्याच कार्यक्रमात शाळेचं समूहगीतही होतं. नात गाण्याच्या बाईंसमोर जाऊन म्हणाली, "मी ओठ हलवायला येणार नाही. मी चाक वाजवणार आहे." बाई काही दुष्ट नव्हत्या. चाळीस पोरांचा गलका सांभाळणारी दमलेली बाई ती. म्हणाल्या, "बघू या. जमलं तर चांगलंच. नाही तर मागची रांग आहेच."

ते "आहेच" पोरीने घरी येऊन जसंच्या तसं ऐकवलं. मामांचा चहा त्या दिवशी निवला.

कार्यक्रमाच्या दिवशी मी विंगेत होते. लाकडाचा, धुळीचा, जुन्या पडद्याचा तो वास! तो आला की माझे गुडघे दुखायचे थांबतात. पडद्यापलीकडे समूहगीत झालं, टाळ्या झाल्या, मग कुणाचं तरी लांबलचक भाषण सुरू झालं. पोरं हात धुवायला गेली होती. मामा चाकापाशी एकटेच येरझारा घालत होते. मोठमोठे नट घालतात, तिथे मामांची काय कथा! थोड्या वेळाने पाहते तर मामा जागेवर, चेहरा शांत, स्वतःशीच काही गुणगुणतायत. मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस तयार झाला.

पोरं आली. नातीने चाकाला हात लावला.

टण. टण. टण. टण. टण.

पाचही तारा सारख्या! चाक एका रेषेत फिरत होतं, केसाएवढा आऊट नाही.

"आबा!"

मामांनी हातातल्या चावीकडे असं पाहिलं, जणू ती कुणी त्यांच्या मुठीत गुपचूप कोंबली होती. "अगं... मी... ते डुलत होतं गं. हाताला काही काम नव्हतं. मला कळलंच नाही. मीच तुला मागच्या रांगेत घातलं."

ढोलवाला रडायच्या बेतात. पंपवाल्याने घाबरून एक "फुस्स" केलं. नातीने हात पुढे केला. "आबा, चावी."

त्याच वेळी तिसरी घंटा झाली. पडदा ओढणारा माणूस घंटेच्या हुकमाचा ताबेदार. मी "थांबा!" म्हणेपर्यंत पडदा वर.

समोर भरलेलं सभागृह. रंगमंचावर वाकून उभी असलेली एक चिमुरडी आणि चाक धरून घामाघूम झालेले आजोबा. पोरीने प्रेक्षकांकडे बघितलंसुद्धा नाही. तिने डोळे मिटले, जरा वेळ घेतला आणि पहिला सूर तोंडाने गुणगुणला. मग चावी फिरवत तार त्या सुराला आणून भिडवली. दुसरा सूर गुणगुणला. पुन्हा जरा वेळ, पुन्हा चावी. एका सुराला चावी जास्त फिरली, तर मान हलवून अर्धा वेढा मागे. सभागृहाला वाटलं हे सगळं बसवलेलंच आहे. खोकणारेही खोकायचे थांबले. तेवढ्या शांततेत तो लहानसा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचत होता. तिला सूर शोधायला एक श्वास जास्त लागत होता, इतकंच. चाळीस जणांच्या गलक्यात तो एक श्वास तिला कोण देणार?

चाक पुन्हा बदकासारखं डुललं. मामांनी एकदा डोळे घट्ट मिटले. मग उघडले आणि त्या डुलणाऱ्या चाकाकडे शेवटपर्यंत बघत राहिले. गाणं वाजलं. ढोल एकदा चुकला, घंट्यांची फळी पडली, पंपाने वेळेवर फुस्स केलं आणि लोक हसून हसून टाळ्या वाजवत राहिले.

गाण्याच्या बाई आत आल्या. मामांच्या जवळ येऊन जरा अवघडून म्हणाल्या, "माझी चूक झाली. पोरीला घाई नको असते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सोमवारी तिला पहिल्या रांगेत पाठवा."

मामांनी कपाळ पुसलं. नातीच्या डोक्यावर हात ठेवला. माझी खात्री होती, आता ते बाईंना चार शब्द सुनावणार. इतक्या वर्षांत मी असा प्रसंग कितीतरी नाटकांत केला होता.

"पाठवतो की," मामा म्हणाले. "पण बाई, तुमच्या सायकलच्या मागच्या चाकाला आऊट आहे, दारात लावली तेव्हाच बघितलं मी. उद्या दुकानात घेऊन या. आमची पोरगी काढून देईल."