तुकाबाईची वाघूर

तुकाबाईला फुटबॉल आवडत नव्हता. लेक इंद्रायणी कॉलेजच्या मुलींच्या संघात गोलकीपर होती. ती रोज मातीत लोळून यायची आणि ते कपडे तुकाबाईला धुवावे लागायचे. "म्हशीवानी लोळती, आन् पदक मिळालं म्हनती," असं ती भेटेल त्याला सांगायची. सांगता सांगता कमरेच्या पिशवीतून ते पदक काढून दाखवायचीही.

बिऱ्हाड मूळचं खोडदचं. नवरा मच्छिंद्र मोठा कळप घेऊन कोकणात उतरलेला. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या त्या हिवाळ्यात उरलेल्या मेंढ्या तुकाबाईनं जुन्नरला, कॉलेजशेजारच्या शेतात बसवल्या होत्या. शेतकऱ्याला लेंडीखत मिळायचं, तिला धान्य. दिवसा दीर मेंढ्या चारायला न्यायचा. कोकरं मागं वाघरीत कोंडलेली असायची. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. ही वाघूर तुकाबाईनं स्वतः सुतळीनं विणली होती आणि दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेचा अंतिम सामना कॉलेजच्याच मैदानावर होता. सकाळी कॉलेजच्या खेळाच्या सरांनी गोलच्या जाळ्या बाहेर काढल्या तर त्यांच्या चिंध्या झालेल्या. संस्थेच्या एका संचालकानं द्राक्षं पाखरांपासून राखायला त्या बागेवर नेल्या होत्या. पुण्याच्या संघाच्या प्रशिक्षक बाईंनी नियमावर बोट ठेवलं. जाळी नाही तर सामना नाही, आणि सामना नाही तर विजय पाहुण्यांचा. पंचांनी अर्ध्या तासाची मुदत दिली.

इंद्रायणी कुंपण ओलांडून धावत आली.

"आये, वाघूर दे."

"आन् कोकरं काय तुझ्या सरांच्या घरात बांधू?"

"बदली पोरी धरतील की."

"वाघूर एक, गोल दोन. कसं करनार?"

इंद्रायणीनं वाघरीची लांबी नजरेनं मापली. पुढचं मागायची तिची छाती होत नव्हती. तुकाबाईनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं, विळा उचलला आणि वाघूर मधोमध कापली.

"बघत काय ऱ्हायली? धर तिकडनं. हरलीस तर नवी तूच इनायची."

खांबांना जाळं तिनंच बांधलं. पाहुण्या संघातल्या एकीनं नाकाला रुमाल लावला.

"काकू, वास किती येतोय!"

"मेंढरांची वाघूर हाय बाय ती. तुझा सेंट माज्या मेंढ्यांना तरी कुठं सोसंल?"

बदली खेळाडू मांडीवर कोकरं घेऊन बसल्या आणि सामना सुरू झाला. पुण्याच्या मुली तयारीच्या होत्या. इंद्रायणी उजवीकडं झेपावली, डावीकडं लोळली, एकदा तर चेंडू तिनं तोंडावर घेतला. शेवट जवळ आला तेव्हा इंद्रायणीच्या संघातल्या प्रांजलनं मारलेला फटका खांबाला घासून पुण्याच्या गोलात गेला.

"गोल नाही!" पुण्याच्या बाई धावत आल्या. "चेंडू बाहेरून गेलाय. फाटक्या जाळीतून आत शिरला!"

गोलमागं उभी असलेली तुकाबाई उसळली. "फाटकी? माज्या वाघरीतनं कोल्हा आत येत न्हाई, तुमचा चेंडू कुठनं आला? दावा भोक! दावा!"

पंचांनी जाळं चाचपलं, ओढून पाहिलं, खाली वाकून कडा तपासल्या. सगळ्या गाठी शाबूत होत्या. त्यांनी मैदानाच्या मध्याकडं हात केला. गोल!

उरलेली मिनिटं इंद्रायणीनं काहीच आत जाऊ दिलं नाही. शिट्टी वाजली आणि मुलींनी तुकाबाईला उचलायला घेतलं. "सोडा गं, लुगडं फाटंल," म्हणत ती वर गेलीच. वरूनच तिनं सरांना हाक मारली:

"सर, पुढली म्याच कुठं हाय? मेंढरं त्या अंगाला वळवते."