वाईट बातमीला पाच तारे

एर्सिरा चिगुआयला आमच्या बेटावर सगळे ‘तारेवाली’ म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. विधवा बाई, लोकरीचे मोजे विणून विकायची आणि उरलेल्या वेळात लोकांचं डोकं खायची. बेटाच्या पंचायतीने ‘एल फोगोन’ नावाची वेबसाइट काढली होती. तिच्यावर आमच्यातलेच लोक लिहायचे. कुणाची मेंढी हरवली, कुणाच्या बटाट्याला कीड लागली, असलंच सगळं. प्रत्येक लेखाखाली पाच तारे. ज्याला जास्त तारे मिळाले तो वर, बाकीचे खाली घसरायचे. वेबसाइट बनवणारा केव्हाच शहरात निघून गेला होता, त्यामुळे हा क्रम बदलणं आता कुणाच्याच हातात नव्हतं.

लोक वाचायचे आणि फोन खिशात टाकायचे. एर्सिराला ते खपत नसे. धक्क्यावर, दुकानात, चॅपलच्या पायरीवर ती माणसाला गाठायची. “वाचलंस ना? मग तारे कोण देणार, तुझा बैल?” हळूहळू लोक तारे द्यायला लागले, बहुतेक तिचा पिच्छा सुटावा म्हणून. किती द्यायचे, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, मनाला वाटतील तेवढे.

तिथेच सगळं फसलं. आमच्या लेखी तारे म्हणजे आभार, आणि आमच्याकडे वाईट बातमीचे आभार मानत नाहीत. मानले की ती पुन्हा दारी येते, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. म्हातारा लेपिओ बुडाल्याचा लेख आला, तेव्हा अख्ख्या बेटाने डोळे पुसत पुसत एकेक तारा दिला होता. एर्सिरानेही एकच दिला.

त्या शनिवारी तिने स्वतः लेख टाकला. पूर्वेच्या किनाऱ्यावर विषारी शेवाळाची लाल भरती आली आहे, शिंपल्यांत विष आहे, शिजवूनही जात नाही, कुणी खाऊ नये. ज्यांनी वाचला त्यांनी क्रुसाची खूण केली आणि इमानेइतबारे एक तारा दिला. रविवारी सकाळी लेख तळाला होता. सगळ्यात वर मिल्काओची, बटाट्याच्या भाकरीची, पाककृती झळकत होती.

हे तिच्या लक्षात आलं ते धक्क्यावर, माझ्या भाड्याच्या पिकअप गाडीशेजारी उभी असताना. ती वर-खाली बोट फिरवत राहिली आणि मग एकदम पांढरी पडली. तिच्या धाकट्या बहिणीकडे, नोल्फाकडे, त्याच दिवशी मिंगा होती. बैल लावून घर नव्या जागी ओढायचं आणि ओढणाऱ्यांना कुरांतो, म्हणजे खड्ड्यात तापल्या दगडांवर वाफवलेलं जेवण, घालायचा. शिंपल्यांशिवाय कुरांतो होत नाही, आणि नोल्फाचं घर पूर्वेला. तिकडे फोन लागत नाही, फक्त चॅपलवर पंचायतीचं वायफाय आहे. रविवारचा मिस्सा, म्हणजे चॅपलमधली प्रार्थना, सुटला की लोक तिथे उभे राहून वरच्या दोन-तीन बातम्या बघतात आणि घरी जातात.

मी गाडी अशी हाणली की एरवी तिने मला शिव्याच घातल्या असत्या.

पोचलो तेव्हा घर जागेवर बसलं होतं, बैल सोडले होते. खड्ड्यावर पानं आणि मातीची ढेकळं रचलेली, फटींतून वाफ येत होती. नोल्फाचा नवरा देल्फिन पाहुण्यांना वाइन देत होता. एर्सिराने सरळ सांगितलं, हे कुणी खायचं नाही. देल्फिन आधी हसला, मग चिडला. राबलेल्या माणसांना उपाशी कसं पाठवू, तोंड कुठे दाखवू, म्हणाला. मिस्सा सुटल्यावर त्याने स्वतः फोगोन बघितलं होतं आणि त्यात विषाचं काही नव्हतं.

“नोल्फा कुठाय?” एर्सिराने विचारलं.

नोल्फा बाकावर बसली होती. शिंपले धुताना चार-दोन कच्चेच लिंबू पिळून तोंडात टाकायची तिची जुनी सवय. “ओठांना मुंग्या येतायत गं,” ती म्हणाली, आणि उठायला गेली तर पाय उचलेनात.

मग कुणी वाद घातला नाही. पुरुषांनी बादल्या भरून समुद्राचं पाणी खड्ड्यात ओतलं. आम्ही नोल्फाला गाडीत मागे घोंगडीवर निजवलं आणि धक्का गाठला. रेडिओवरून दवाखान्याची लाँच बोलावली होती, ती अजून दिसत नव्हती. नोल्फाचा श्वास तुटक झाला होता. देल्फिन तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

एर्सिरा गाडीच्या चाकाला टेकून फोनवर लिहीत होती. पूर्वेच्या आणखी तीन खाड्यांत त्याच ओहोटीला लोकांनी शिंपले काढले होते, आणि तिथला दुपारचा मिस्सा सुटायची वेळ झाली होती. तिने लिहिलं ते एवढंच: माझी बहीण नोल्फा शिंपल्याच्या विषाने मरायला टेकली आहे, खड्डे विझवा. मग ती उठली आणि धक्क्यावरच्या माणसांना म्हणाली, पाच तारे द्या, सगळ्यांनी, आत्ता.

फोन सगळ्यांनी काढले, पण अंगठा कुणी हलवेना. सगळे देल्फिनकडे बघत होते. त्याच्या बायकोच्या मरणाला त्याच्यादेखत शाबासकी कोण देणार? मला त्या क्षणी सगळ्यांची चीड आली, आणि माझाही अंगठा हलत नव्हता.

एर्सिरा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “देल्फिन, आधी तू दे.”

“पाच दिले आणि ही गेली तर?”

“तर मला शिव्या घाल, जन्मभर. पण त्या खाड्यांतल्या पोरांच्या पानात शिंपले पडायच्या आत दे.”

त्याने नोल्फाकडे बघितलं. ती बोलू शकत नव्हती, पण डोळे उघडे होते आणि तिला सगळं ऐकू येत होतं. तिने पापण्या मिटल्या आणि पुन्हा उघडल्या. देल्फिनने टोपी काढली, क्रुसाची खूण केली आणि अंगठा पाचव्या ताऱ्यावर ठेवला. तो हुंदके देत होता. त्यानंतर धक्क्यावरची टोप्या घातलेली सगळी डोकी एकेक करून उघडी झाली आणि अंगठे पाचव्या ताऱ्यावर टेकले.

लाँच आली, नोल्फाला घेऊन गेली. इस्पितळात तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं आणि ती वाचली. तिन्ही खाड्यांत खड्डे विझवले गेले. एका घरात पहिली ताटं वाढून झाली होती, ती तशीच पालथी केली.

एर्सिरा अजूनही धक्क्यावर माणसांना गाठते. आता तिला कुणी चिडवत नाही, आणि मनाला वाटतील तेवढे तारे द्या, असंही ती म्हणत नाही. एवढंच विचारते, “हे शेजाऱ्याला कळायला हवं की नको?”